आयगेनव्हॅल्यू नेमकी किती, याच्या आधी ती कुठे आहे ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विज्ञानाच्या पानावर मॅट्रिक्सबद्दल लेख आला होता तो मी दोनदा वाचला. आधी हे सांगते की मराठी पेपरात मॅट्रिक्सला अर्धं पान मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यात एक वाक्य होतं की आयगेनव्हॅल्यू काढायची म्हणजे डिटरमिनंट (मॅट्रिक्सच्या आकड्यांवरून ठरलेल्या रीतीने निघणारी एक संख्या) मांडायचा, समीकरण सोडवायचं, झालं. त्या "झालं" वर मला बोलायचंय, कारण मी बरीच वर्षं हा विषय इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवलाय, त्याच्या आधी काही वर्षं यंत्रांच्या कंपनाचे हिशोब करण्यात घालवलीत, आणि एवढ्या वर्षांत समीकरण सोडवून आयगेनव्हॅल्यू काढायची वेळ माझ्यावर फक्त फळ्यासमोर आली. प्रत्यक्ष कामात जे लागतं ते वेगळंच असतं, आणि ते आपण मुलांना शिकवतच नाही.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यात सांगते. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन, तो एखाद्या बाणाला लावला की बाण फिरतो आणि लांब-आखूड होतो, पण काही खास बाण असे असतात की ते आपली रेषा सोडत नाहीत, फक्त काही पट ताणले जातात किंवा उलटे होतात. ती "काही पट" म्हणजे आयगेनव्हॅल्यू.

आता हा आकडा कोणाला कशासाठी हवा असतो ते बघा. कंट्रोल सिस्टीमवाल्याला विचारायचं असतं की सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्याच्या डावीकडे आहेत ना, म्हणजे सिस्टीम हाताबाहेर जाणार नाही. कॉम्प्युटरवर पायरी पायरीने उत्तर काढणाऱ्याला विचारायचं असतं की सगळ्या १ च्या आत आहेत ना, म्हणजे चूक दर पायरीला कमी होत जाईल. कंपन बघणाऱ्याला विचारायचं असतं की मोटर ज्या वेगाने फिरते त्याच्या आसपास एकही येत नाही ना. यातल्या कोणालाच तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत उत्तर नकोय, ती कुठल्या बाजूला आहे आणि किती अंतर राखून आहे एवढंच हवंय. आणि या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा समीकरणाला हात न लावता मिळतं आणि ते पक्कं असतं, अंदाजपंचे नसतं. हद्द सिद्ध झाली की झाली, आयगेनव्हॅल्यू त्याच्या बाहेर जाऊच शकत नाही.

शिवाय समीकरण सोडवायचं म्हणता, पण ते सोडवणार कसं? पाचव्या घाताच्या आणि त्यापुढच्या समीकरणाला बेरीज, गुणाकार आणि मुळं वापरून लिहिलेलं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही हे नॉर्वेच्या आबेल या गणितीने १८२४ मध्ये सिद्ध करून ठेवलंय, आणि कुठलीही बहुपदी दिली तरी तिची मुळं हीच ज्याच्या आयगेनव्हॅल्यू आहेत अशी मॅट्रिक्स लगेच लिहिता येते, म्हणजे पाच बाय पाचपासून पुढे सूत्राचा रस्ता कायमचा बंद. कॉम्प्युटर जे करतो तेही जवळ जवळ सरकत जाणंच असतं. मग आपण मुलांना वर्षभर तीन बाय तीनची अशी गणितं देतो ज्यांची उत्तरं १, २, ३ अशी गोंडस येतात आणि त्यांना वाटतं की जगातली प्रत्येक मॅट्रिक्स अशीच शहाणी असते.

म्हणून एक मॅट्रिक्स घेऊन दाखवते. पहिली ओळ १०, १, ०. दुसरी ओळ १, ५, १. तिसरी ओळ ०, १, १. ही सममित आहे, म्हणजे कर्णाच्या (१०, ५, १ ही तिरकी रांग) दोन्ही बाजूंना सारखे आकडे, त्यामुळे तिच्या आयगेनव्हॅल्यू साध्या वास्तव संख्याच असणार. समीकरण मांडलं तर घन समीकरण येतं आणि त्याची मुळं काही गोंडस नाहीत. आता ते समीकरण बाजूला ठेवा आणि फक्त ओळी वाचा. प्रत्येक ओळीत कर्णावरचा आकडा हे केंद्र धरा, आणि त्या ओळीतल्या बाकीच्या आकड्यांची चिन्ह सोडून केलेली बेरीज ही त्रिज्या. पहिल्या ओळीतून मिळतं १० च्या आजूबाजूला १, म्हणजे ९ ते ११. दुसरीतून ५ च्या आजूबाजूला २, म्हणजे ३ ते ७. तिसरीतून १ च्या आजूबाजूला १, म्हणजे ० ते २. प्रत्येक आयगेनव्हॅल्यू या तीनपैकी कुठल्यातरी पट्ट्यात असलीच पाहिजे, आणि हे तीन पट्टे एकमेकांना शिवत नाहीत म्हणून प्रत्येकात बरोब्बर एक. तोंडी हिशोब आहे हा, पेन पण लागत नाही. सर्वसाधारण मॅट्रिक्स असेल तर आयगेनव्हॅल्यू संमिश्र संख्या (उणे १ चं वर्गमूळ वापरून लिहिलेल्या) असू शकतात, मग पट्ट्यांच्या जागी संमिश्र प्रतलावर वर्तुळाकार चकत्या येतात, एवढाच फरक.

हे गेर्शगोरिनचं प्रमेय, १९३१ सालचं. सेम्यॉन गेर्शगोरिन हा सोव्हिएत गणिती, त्याने हा पेपर जर्मनमध्ये लिहिला, जेमतेम सहा पानांचा, आणि दोनच वर्षांनी १९३३ मध्ये तो वारला, वय अवघं ३१. त्याची सिद्धता मला इतकी आवडते की इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयगेनव्हॅल्यूचा जो खास बाण आहे त्याचे घटक, म्हणजे तो ज्या आकड्यांनी लिहितात ते, बघा आणि त्यातला चिन्ह सोडून सगळ्यात मोठा घटक उचला, समजा तो तिसरा आहे. मग मॅट्रिक्सची तिसरीच ओळ लिहा. त्या ओळीत कर्णाचा भाग एका बाजूला आणला की उरतं असं, आयगेनव्हॅल्यू आणि कर्णावरचा आकडा यांच्यातला फरक गुणिले सगळ्यात मोठा घटक, बरोबर बाकीचे आकडे गुणिले बाकीचे घटक. आता दोन्ही बाजूंना त्या मोठ्या घटकाने भागा. बाकीचा प्रत्येक घटक त्याच्यापेक्षा मोठा नाही, म्हणजे भागाकार १ च्या वर जात नाही, म्हणजे फरक हा बाकीच्या आकड्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असूच शकत नाही. संपलं. बारावीच्या मुलाला समजेल अशी सिद्धता आहे आणि आमच्याकडे पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलांनी गेर्शगोरिनचं नावही ऐकलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पण ९ ते ११ ही हद्द ढोबळ आहे असं कोणी म्हणेल, तर ती आवळता येते. पहिल्या ओळीला ३ ने भागा आणि पहिल्या रकान्याला ३ ने गुणा, म्हणजे कर्णावरचा १० तसाच राहतो, आणि अशा बदलाने आयगेनव्हॅल्यू अजिबात हलत नाहीत. पहिल्या ओळीची त्रिज्या आता एक तृतीयांश झाली. दुसऱ्या ओळीत १ च्या जागी ३ आला म्हणून तिची त्रिज्या ४, तिचा पट्टा १ ते ९. तिसरी होती तशीच. पहिला पट्टा आता साधारण ९.६७ ते १०.३३, अजूनही बाकीच्यांपासून सुटा, म्हणजे सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू त्यातच. दुसऱ्याची त्रिज्या फुगू दिली आणि त्या बदल्यात पहिल्याची कमी करून घेतली, पट्टे एकमेकांना भिडत नाहीत तोवर हे चालतं.

आता खालून. सममित मॅट्रिक्स असली की कुठलाही बाण घ्या, मॅट्रिक्स त्याला लावा, जे येईल त्याचा मूळ बाणाशी डॉट प्रॉडक्ट (घटकाला घटक गुणून केलेली बेरीज) घ्या आणि बाणाच्या लांबीच्या वर्गाने भागा. याला रॅलेचा भागाकार म्हणतात, रेली असंही काही जण लिहितात. हा भागाकार सगळ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूच्या वर कधीच जात नाही आणि सगळ्यात लहानच्या खाली कधीच जात नाही, बाण कितीही वेडावाकडा घेतला तरी. मी बाण घेतला ५, १, ०. वर येतात २६५, खाली २६, भागाकार १०.१९. म्हणजे सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू १०.१९ आणि १०.३३ च्या मध्ये पकडली गेली, घन समीकरण न सोडवता. कॉम्प्युटरला विचारलं तर तो १०.२० सांगतो, बाकीच्या दोन ५.०५ आणि ०.७६. वर्गात हे फळ्यावर केलं की मागच्या बाकावरची मुलं पण मान वर करून बघतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

आणखी पण हत्यारं आहेत. शेवटची ओळ आणि शेवटचा रकाना खोडला तर उरलेल्या दोन बाय दोनच्या आयगेनव्हॅल्यू १०.१९ आणि ४.८१ येतात, आणि फ्रेंच गणिती कोशीचं प्रमेय सांगतं की सममित मॅट्रिक्समध्ये लहानच्या आयगेनव्हॅल्यू मोठीच्या आयगेनव्हॅल्यूंच्या मधे मधे बसतात, एकाआड एक. म्हणजे आपल्या मॅट्रिक्सची मधली आयगेनव्हॅल्यू ४.८१ च्या खाली जाणार नाही हे फुकटात कळलं. कर्णाची बेरीज आणि सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज एवढ्या दोनच गोष्टींवरून पण हद्द मिळते, कारण सममित मॅट्रिक्समध्ये पहिली म्हणजे आयगेनव्हॅल्यूंची बेरीज आणि दुसरी म्हणजे त्यांच्या वर्गांची बेरीज. सरासरी आणि प्रमाण विचलन हातात आलं की टोकाचा आकडा किती लांब जाऊ शकतो ते ठरतंच. इथे तसं केलं तर वरची हद्द १०.७९ येते. आवळलेल्या गेर्शगोरिनपेक्षा सैल आहे, पण न आवळलेल्या ११ पेक्षा बरी.

ओल्गा टॉस्की या गणितज्ञ बाईचं नाव तरी मुलांपर्यंत पोचावं असं मला फार वाटतं. दुसऱ्या महायुद्धात ती इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत विमानांच्या फ्लटरवर काम करायची. फ्लटर म्हणजे ठराविक वेगाच्या वर पंख असे थरथरायला लागतात की थरथर वाढतच जाते आणि विमान तुटू शकतं. प्रश्न परत तोच, आयगेनव्हॅल्यू कुठल्या बाजूला आहेत. कॉम्प्युटर नव्हते, हिशोब हाताने चालवायच्या मशीनवर व्हायचे, आणि टॉस्कीने गेर्शगोरिनच्या चकत्या वापरून त्यातली बरीच मेहनत वाचवली. नंतर १९४९ मध्ये तिने एक छोटा लेख लिहून दाखवलं की यामागचं मूळ प्रमेय, म्हणजे कर्णावरचा आकडा प्रत्येक ओळीत बाकीच्यांच्या बेरजेवर भारी असेल तर डिटरमिनंट शून्य होत नाही, हे १८८१ पासून वेगवेगळ्या लोकांनी पुन्हा पुन्हा शोधलंय. म्हणजे ज्याला ज्याला गरज पडली त्याने ते आपलं आपण शोधून काढलं, कारण शिकवलं कोणी नव्हतं. आजही परिस्थिती फार बदललेली नाही.

एक धोक्याची गोष्ट पण सांगायलाच हवी, नाहीतर मी एकच बाजू मांडतेय असं होईल. सममित मॅट्रिक्स स्वभावाने गरीब असते, तिच्यात तुम्ही सममित राखून छोटा बदल केला तर आयगेनव्हॅल्यू त्या बदलाच्या मापापेक्षा जास्त हलत नाहीत, हे जर्मन गणिती हेरमान वाइलने १९१२ मध्ये दाखवलं. सममित नसेल तर मात्र सांभाळून. दहा बाय दहाची मॅट्रिक्स घ्या, कर्णाच्या लगेच वरच्या तिरक्या रांगेत सगळे १, बाकी सगळीकडे शून्य. सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य. आता खालच्या डाव्या कोपऱ्यात एक भागिले एक हजार कोटी एवढा बारीक आकडा ठेवा, मोजणीच्या यंत्राला दिसणार पण नाही इतका. सगळ्या दहा आयगेनव्हॅल्यू शून्यापासून ०.१ अंतरावर जाऊन बसतात. कॉम्प्युटरने पडद्यावर पंधरा अंक छापले म्हणून ते सगळे खरे मानायचे नाहीत, ते यासाठी. इथे हद्द काढणं हे उत्तर काढण्यापेक्षा जास्त प्रामाणिक काम आहे असं मी ठामपणे म्हणते.

रोजच्या वापरातलं विचाराल तर एक उष्णतेचं उदाहरण देते कारण ते मला सगळ्यात जवळचं आहे. सळईत उष्णता कशी पसरते ते कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर सळईचे तुकडे पाडतात आणि जी मॅट्रिक्स येते तिच्यात कर्णावर २ आणि दोन्ही बाजूंना उणे १, बाकी शून्य. तुकडे दहा असोत की दहा लाख, गेर्शगोरिन सांगतो केंद्र २, त्रिज्या २, म्हणजे सगळं ० ते ४ मध्ये. साध्या पद्धतीने वेळ पुढे सरकवली तर दर पायरीला १ वजा (वेळेच्या पायरीवरून ठरणारा गुणांक गुणिले ही आयगेनव्हॅल्यू) एवढ्या पटीने चूक वाढते किंवा घटते, आणि ती पट उणे १ च्या खाली गेली की तापमान पडद्यावर उड्या मारायला लागतं, शंभर मग उणे हजार मग लाख. सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू ४ च्या आत, म्हणून गुणांक अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. अर्धा कुठून आला हे मुलांना पाठ असतं, पण ४ कुठून आला हे विचारलं की शांतता. गूगलच्या पेजरँकचं, म्हणजे वेबपानांचं महत्त्व ठरवायच्या पद्धतीचं, पण तसंच, तिथे डॅम्पिंग नावाचा आकडा ०.८५ ठेवला की पहिली आयगेनव्हॅल्यू १ आणि दुसरी ०.८५ च्या आत हे सिद्ध होतं, मग पन्नास फेऱ्यांत चूक साधारण दहा हजारात तीन एवढ्या प्रमाणात येते. अब्जावधी पानांच्या मॅट्रिक्सची दुसरी आयगेनव्हॅल्यू नेमकी किती ते माहीत असायची गरजच पडत नाही.

आणि माझा स्वतःचा एक प्रसंग, ज्याच्यामुळे मी या विषयाला धरून राहिले. एका ठिकाणी काम करत असताना चाळीस बाय चाळीसची सममित मॅट्रिक्स होती, कागदावर लिहिलेली, कर्णावर जास्तीत जास्त ४ आणि प्रत्येक ओळीत बाकीच्यांची बेरीज ३ च्या आत. प्रोग्रॅमने सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू १२ च्या वर सांगितली, रिपोर्टमध्ये तोच आकडा गेला, त्यावरून पुढचं डिझाईन सुरू झालं, आणि दोन आठवडे कोणालाच काही खटकलं नाही कारण मशीनचं उत्तर होतं. मी जेवायच्या सुट्टीत कागदावरच्या ओळी वाचत बसले होते आणि लक्षात आलं की ४ आणि ३ मिळून ७, मग १२ येईलच कुठून? फाईल उघडून ओळ ओळ ताडून बघितली तर एका जागी ०.८ च्या ऐवजी ८ टाईप झाला होता, आणि अर्धी मॅट्रिक्स टाकली की उरलेली अर्धी प्रोग्रॅम स्वतः भरायचा म्हणून तो ८ दोन जागी जाऊन बसला होता. चाळीस ओळींची बेरीज करायला मला वीस मिनिटं लागली असतील. तेव्हा मी कॉलेजातून बाहेर पडून चार वर्षं झाली होती आणि हे प्रमेय मला कोणी शिकवलं नव्हतं, एका जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांत योगायोगाने सापडलं होतं.

माझं मागणं दोन ठिकाणी आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी आयगेनव्हॅल्यूच्या पहिल्या तासालाच, समीकरणाच्या आधी, चकत्या काढायला शिकवावं आणि परीक्षेत एक प्रश्न असा ठेवावा की उत्तर काढू नका, ते कुठे असेल ते सांगा. आणि तुमच्या पानाने पुढच्या वेळी उत्तर काढायच्या गणिताऐवजी असं एखादं गणित छापावं. एक मी इथेच देते. ओळी अशा: ७, २, −१, ३. मग १, −६, २, २. मग ०, ३, ८, −४. आणि २, −१, १, ५. प्रश्न असा की डिटरमिनंट न सोडवता त्याचं चिन्ह सांगा. वाचकांना घाई करू देऊ नका, आठवडा द्या. उत्तर तुमच्यासाठी म्हणून लिहिते: चकत्यांची केंद्रं ७, −६, ८, ५ आणि त्रिज्या ६, ५, ७, ४. तीन चकत्या पूर्णपणे शून्याच्या उजवीकडे, एक पूर्णपणे डावीकडे आणि बाकीच्यांपासून सुटी, म्हणून डावीकडे बरोब्बर एकच आयगेनव्हॅल्यू, आणि आकडे सगळे वास्तव असल्याने संमिश्र आयगेनव्हॅल्यू जोडीने येतात, ही एकटी आहे म्हणजे ती वास्तव आणि ऋण. उजवीकडच्या तिघींचा गुणाकार धन येतो, त्यात जोडी असली तरी. सगळ्यांचा गुणाकार म्हणजे डिटरमिनंट, तो ऋण.

आपली,
एक नियमित वाचक आणि गणिताची शिक्षिका